रानपिंगळ्याचें पुनर्दर्शन

आमच्या चिपळुणाकडे तिन्हीसांजेच्या वेळीं परसांतल्या आंब्यावर पिंगळा ओरडूं लागला कीं, घरांतलीं वडील माणसें अजूनहि अस्वस्थ होतात. वाचकांच्या परिचयाच्या ह्या पिंगळ्याचा एक दुर्मिळ भाऊबंद महाराष्ट्रांतच आहे. त्याचें नांव रानपिंगळा. तो जगांतून नाहींसा झाला, अशी अनेक पक्षिशास्त्रज्ञांची समजूत होती. तो पुन्हां कसा सांपडला, ही हकीकत मोठी बोधप्रद आहे.

इ. स. १८७२ मध्यें ब्लेविट नांवाच्या गृहस्थांनीं आजच्या छत्तीसगडांत त्याचा पहिला नमुना मिळविला. पुढच्याच वर्षीं ए. ओ. ह्यूम ह्यांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. नंतर खानदेशांत जेम्स डेव्हिडसन ह्या सरकारी अधिकाऱ्यानें आणखी कांहीं पक्षी मिळविले. पण १८८४ नंतर खात्रीलायक नोंद म्हणून उरली नाहीं.

एक नोंद होती, पण ती खोटी! कर्नल माइनर्टझहागेन ह्या ख्यातनाम इंग्रज पक्षिविदानें १९१४ सालीं गुजरातेंत मांडवी येथें आपण हा पक्षी मिळविल्याचें लिहून ठेविलें होतें. एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दावर अविश्वास कोण दाखविणार? त्या नोंदीच्या भरंवशावर केलेला शोध व्यर्थ गेला. पुढें पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषीनें तो नमुना बारकाईनें तपासला, तेव्हां तो पेंढा भरण्याच्या पद्धतीवरून डेव्हिडसनच्या हातचा ठरला. संग्रहालयांतून जुना पक्षी चोरावा आणि त्याला नवी चिठ्ठी बांधावी, असा तो प्रकार होता.

ती नोंद बाजूस सारून, जुन्या अस्सल नोंदींच्या आधारें रासमुसेनबाई, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे शोधास निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळीं, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशीं, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा उघड्यावर बसलेला दिसला! ११३ वर्षांनंतरचें हें दर्शन. पुढें तो मेळघाटांत आढळला, आणि २०१४ मध्यें ठाणें जिल्ह्यांतील तानसा अभयारण्यांतहि.

तथापि तो निर्धास्त झालेला नाहीं. सागाचीं रानें तुटत आहेत, आणि संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादींत त्याचें नांव अद्यापि आहे. पक्षी आपल्या जागीं होता; वाट चुकविली ती एका खोट्या चिठ्ठीनें. आपल्या मुलांनीं आंब्यावरच्या पिंगळ्याची नोंद वहींत केली, तर दिवस, स्थळ आणि जें डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच लिहावें, हें त्यांना अवश्य सांगावें. कोणाच्या तरी शोधाची वाट कदाचित् त्याच ओळीवरून जाईल.