कैरोतली स्वस्ताई येते कुठून? पौंड, रोटी आणि बाजारातले दोन भाव

इजिप्त आता आपल्याला परवडणारा देश झालाय, असं टूरवाल्यांच्या जाहिरातींत आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर सारखं वाचायला मिळतं. ते खोटं नाही. रस्त्यावरचं जेवण, मेट्रो, बाजारातला कपडा यांचा रुपयात हिशेब केला तर खर्च आवाक्यात राहतो. पण ही स्वस्ताई आली कुठून, हे जाहिरातीत सांगत नाहीत. पाहुण्याला जे स्वस्त वाटतं, तेच तिथल्या माणसाला गेल्या काही वर्षांत महाग झालंय, आणि दोन्हींचं कारण एकच आहे. हे आधी समजून घेतलं तर खिसा सांभाळता येतो. शिवाय घासाघीस कुठे करायची आणि कुठे मुकाट्याने पैसे द्यायचे, हेही कळतं.

पौंड किती घसरला?

इजिप्तचं चलन पौंड. एका पौंडाचे १०० पियास्टर, ज्याला बाजारात ‘किर्श’ म्हणतात. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण पावणेसोळा पौंड मिळायचे. म्हणजे एक पौंड आपल्या पावणेपाच रुपयांच्या आसपास. मग युक्रेनचं युद्ध सुरू झालं. इजिप्त हा जगातल्या सर्वांत मोठ्या गहू आयातदार देशांपैकी एक, आणि त्याचा बराचसा गहू रशिया आणि युक्रेनमधूनच यायचा. गहू महागला, परदेशी पैसा देशाबाहेर गेला, डॉलरची टंचाई झाली. पौंड टप्प्याटप्प्याने खाली आला. मार्च २०२४ मध्ये मध्यवर्ती बँकेने त्याला मोकळं सोडलं, तेव्हा एका दिवसात तो डॉलरमागे ३१ वरून ५० च्या घरात गेला. रुपयात बोलायचं तर पावणेपाचचा पौंड पावणेदोनच्या आसपास आला.

आता हेच तिथल्या घरातून बघा. पगार पौंडात, पण तेल, गहू, औषधं, सुटे भाग यांच्या किमती डॉलरला बांधलेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये शहरी महागाईचा दर ३८ टक्क्यांवर गेला होता. दुकानातल्या पाट्यांवरचे आकडे महिन्या-महिन्याला बदलत होते. भाव पौंडात वाढत गेले, पण पौंड त्याहून वेगाने पडला. म्हणून बाहेरून पैसे घेऊन येणाऱ्याला सगळं स्वस्त दिसतं.

या संकटात भारताचाही एक धागा आहे. एप्रिल २०२२ मध्ये इजिप्तने भारताला गहू पुरवणाऱ्या देशांच्या यादीत घेतलं. पुढच्याच महिन्यात, उन्हाळ्याच्या झळांनी पीक कमी आल्यावर, केंद्र सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. कांडल्याला ट्रकच्या रांगा लागल्या होत्या, ते माळव्यातल्या वाचकांना आठवत असेल. त्या बंदरात इजिप्तसाठी भरत असलेल्या ६१,५०० टनांच्या खेपेला मात्र सरकारने मोकळीक दिली.

रोटीचं नाव ‘आयुष्य’

अरबीत भाकरीला एरवी ‘खुब्ज’ म्हणतात. इजिप्तमध्ये मात्र शब्द आहे ‘ऐश’, म्हणजे जगणं, आयुष्य. ‘ऐश बलदी’ ही कोंड्यासकट पिठाची, भट्टीत टम्म फुगलेली गोल रोटी. डोक्यावर लाकडी फळीभर रोट्या आणि खाली सायकल, अशी माणसं कैरोच्या गर्दीतून वाट काढत जाताना अजूनही दिसतात.

ही रोटी सरकार अनुदानात देतं. सुमारे सात कोटी लोकांकडे त्याचं कार्ड आहे, आणि माणशी दिवसाला पाच रोट्या मिळतात. आपल्याकडच्या रेशनसारखीच ही व्यवस्था, फक्त धान्याऐवजी रोज भाजलेली रोटी हातात पडते. जवळपास ३६ वर्षं एका रोटीची किंमत होती ५ पियास्टर. १ जून २०२४ पासून ती २० पियास्टर झाली, म्हणजे आपले जेमतेम ३५ पैसे. सरकारचं म्हणणं होतं की एका रोटीला खर्चच सव्वा पौंड येतो. आकड्यात ही वाढ क्षुल्लक, पण घरातल्या खर्चात चौपट.

भाव इतकी वर्षं का हलला नाही, याचं उत्तर जानेवारी १९७७ मध्ये आहे. अन्वर सादात यांच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आग्रहाने रोटीसह काही वस्तूंचं अनुदान कापलं. दोन दिवस अलेक्झांड्रियापासून अस्वानपर्यंत दंगली झाल्या, अनेक माणसं मेली, आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. त्यानंतर किंमत वाढवण्यापेक्षा रोटी लहान करणं सोपं पडू लागलं. २०२० मध्ये तिचं वजन ११० ग्रॅमवरून ९० ग्रॅमवर आलं. २०११ च्या उठावातल्या घोषणेतही पहिला शब्द ‘ऐश’ होता, स्वातंत्र्य त्याच्यानंतर.

कार्डाची रोटी पर्यटकाला मिळत नाही, आणि मागूही नये. त्याच्यासाठी असते बिनअनुदानाची रोटी, जिला तिथे ‘ऐश सियाही’ म्हणतात. सियाही म्हणजे पर्यटकांची. नाव तसं असलं तरी ती खाणारे बहुतेक स्थानिकच असतात: ज्यांचं कार्ड नाही, नाव कमी झालंय किंवा पाच रोट्यांत ज्यांचं भागत नाही, असे सगळे. त्या रांगेत उभं राहिलं की महागाई म्हणजे काय ते आकडेवारी न वाचताही समजतं.

कमी पैशात पोटभर

कैरोचं रोजचं खाणं कडधान्यावर चालतं. शाकाहारी माणसाला ही मोठीच सोय आहे.

सकाळी हातगाडीवर ‘फूल’ मिळतं. बाकल्याच्या शेंगांचे वाळलेले दाणे अरुंद तोंडाच्या मोठ्या भांड्यात रात्रभर मंद आचेवर शिजवतात. वर तेल, जिरं, लिंबू आणि सोबत रोटी, कच्चा कांदा, लोणचं. त्याच दाण्यांचा भिजवून, वाटून, हिरवा मसाला घालून तळलेला वडा म्हणजे ‘ताअमिया’. तो रोटीत भरून देतात. वडापाव खाणाऱ्याला त्यात काही नवखं वाटणार नाही.

दुपारी ‘कोशरी’. भात, मसूर, मॅकरोनी, शेवया, वर छोले, टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. टेबलावर लसूण-व्हिनेगरचं पाणी आणि तिखट ‘शत्ता’ ठेवलेला असतो, तो आधी थेंबभर घालून बघावा. हा पदार्थ आपल्या खिचडीवरून, ब्रिटिश काळात हिंदी सैनिकांबरोबर तिथे पोचला, असं बऱ्याच जणांचं मत आहे. नावातलं साम्य तर कानालाच कळतं. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या मोरोक्कोच्या इब्न बतूतानेही मूग-तांदळाच्या ‘किश्री’ची नोंद केली आहे.

‘मुलुखिया’ ही तागाच्या जातीच्या झाडाच्या पानांची बुळबुळीत पातळ भाजी. दिसायला शाकाहारी, पण ती पुष्कळदा कोंबडी किंवा सशाच्या रश्शात शिजवतात. त्यामुळे विचारून घ्यावं. विचारायला एक शब्द उपयोगी पडतो: ‘सियामी’, म्हणजे उपासाचं. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती वर्षातले दोनशेहून जास्त दिवस मांस, दूध, अंडी न घेता उपास पाळतात. त्यामुळे ‘सियामी’ म्हटलं की दुकानदाराला बरोबर कळतं. काही उपासांत मासे चालतात, तेवढं लक्षात ठेवावं.

प्यायला उसाचा रस आहेच. शिवाय ‘करकदे’, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं आंबट सरबत, गरम किंवा थंड.

रमजानमध्ये दिवसा बरीच खाण्याची दुकानं बंद असतात. संध्याकाळी मात्र रस्त्यावर लांबच लांब टेबलं मांडून येईल त्याला फुकट जेवू घालतात. परक्यालाही आग्रहाने बसवतात. त्या टेबलावर मूळ हक्क मजुरांचा आणि गरिबांचा, हे ध्यानात ठेवून बसावं.

बाजार: भाव कुठे बोलायचा?

खान अल-खलीली हा कैरोचा नावाजलेला बाजार. चौदाव्या शतकाच्या अखेरीस एका मामलुक अमीराने व्यापाऱ्यांसाठी बांधलेल्या सराईवरून त्याला हे नाव पडलं. आज तिथे दिवे, अत्तरं, पितळी भांडी, चांदी आणि पर्यटकांसाठीच्या भेटवस्तू मिळतात. इथे भाव बोलावाच लागतो. पहिला आकडा हा किंमत नसून बोलणीची सुरुवात असते. निम्म्याच्या आसपास सुरू करावं, हसत बोलावं, जमलं नाही तर चालू लागावं. पण एकदा आपण सांगितलेला आकडा दुकानदाराने मान्य केला की माघार घेणं वाईट दिसतं.

तिथून मुस्की रस्त्याने अताबाच्या दिशेने चालत निघालं की दहा-पंधरा मिनिटांत गिऱ्हाईक बदलतं. इथे कैरोची माणसं पडदे, भांडी, लग्नाचं सामान, मुलांचे कपडे घेतात. भाव पुष्कळ खरे असतात, घासाघीस थोडीच. अताबाजवळच अझबकिया हा जुन्या पुस्तकांचा बाजार आहे. बुलाक भागात ‘विकालत अल-बलह’ला जुन्या कपड्यांचे ढीग लागतात. पौंड पडल्यापासून मध्यमवर्गही तिथे दिसू लागला आहे.

फूल, कोशरी, रोटी, भाजी, मेट्रो यांत घासाघीस करू नये. तिथे भाव ठरलेला असतो आणि नफा किरकोळ. पिरॅमिडजवळच्या उंटवाल्याशी मात्र बसण्याआधीच पूर्ण रक्कम ठरवावी, उतरवून देण्यासकट. नाही तर उतरताना नवा हिशेब निघतो.

पाट्यांवरचे दहा अंक शिकून जाणं फार फायद्याचं. अरब लोक या अंकांना ‘हिंदी अंक’च म्हणतात, कारण ते इथूनच तिकडे गेले. शून्य म्हणजे नुसता ठिपका, पाच म्हणजे छोटं वर्तुळ, एक म्हणजे उभी काठी, सहा इंग्रजी सातसारखा. सात हा वर उघडा कोन, आठ तोच उलटा. लिपी उजवीकडून वाचतात, पण अंक आपल्यासारखेच डावीकडून. एवढं येत असेल तर दुकानदाराने सांगितलेला आणि पाटीवर लिहिलेला भाव पडताळून पाहता येतो.

शब्दही ओळखीचे भेटतात. दुकान म्हणजे ‘दुक्कान’, साखर ‘सुक्कर’, संपलं की ‘खलास’, आणि बिल मागायचं तर ‘अल-हिसाब’. टीप देणं म्हणजे ‘बक्शीश’, आपलं बक्षीसच. दार उघडणारा, सामान उचलणारा, स्वच्छतागृह सांभाळणारा यांचा पगार बहुतेक वेळा इतका कमी असतो की बक्शीशावरच त्यांचं घर चालतं. त्यासाठी सुट्टे पैसे, तिथल्या भाषेत ‘फक्का’, रोज जवळ ठेवावेत. सर्वांत मोठी नोट २०० पौंडांची, आणि छोट्या दुकानात तिचे सुट्टे मिळणं कठीण.

फिरणं आणि तिकिटं

मुंबईहून कैरोला इजिप्तएअरची थेट सेवा आहे. बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा इथल्या माणसाला आधी मुंबई गाठावी लागते, तो खर्च हिशेबात धरावा. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते निघण्याआधी दूतावासाकडून तपासून घ्यावेत.

कैरोची मेट्रो १९८७ साली सुरू झाली, आफ्रिका खंडातली पहिली. ऑगस्ट २०२४ च्या दरवाढीनंतर तिचं तिकीट अंतराप्रमाणे ८ ते २० पौंड झालं, स्थानिकाला आणि परदेशी माणसाला सारखंच. मधले डबे बायकांसाठी राखीव असतात. मेट्रो नाही तिथे मायक्रोबस, म्हणजे आपलं वडापच. पैसे मागून पुढे हातोहात जातात आणि सुट्टेही तसेच परत येतात.

पण देशाची तिजोरी परदेशी पाहुण्याकडून डॉलर मिळवू बघते, तिथे स्वस्ताई संपते. पुराणवस्तूंच्या जागी परदेशी माणसाचं तिकीट इजिप्शियन माणसाच्या कितीतरी पट असतं. ताजमहालात आपण तेच करतो, तेव्हा तक्रारीला जागा नाही. बऱ्याच जागी फक्त कार्ड चालतं. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र असेल तर साधारण निम्म्यात काम होतं. २०२३ पासून कैरो-लुक्सर-अस्वान मार्गावरच्या रेल्वेतही परदेशी प्रवाशांना वेगळे, डॉलरवर ठरलेले दर लागले. त्यामुळे खर्चाचा अंदाज करताना दोन खाती वेगळी मांडावीत: खाणं-फिरणं पौंडात, तिकिटं डॉलरच्या हिशेबात. नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण उघडलेलं गिझाचं भव्य संग्रहालय दुसऱ्या खात्यात येतं.

एक शेवटची गोष्ट. मार्च २०२४ च्या आधी डॉलरचा काळा बाजार जोरात होता. पौंड मोकळा सोडल्यावर तो फायदा उरला नाही, तेव्हा पैसे बँकेत किंवा एटीएमवरच बदलावेत. खिशात आलेला पौंड मोठ्या हॉटेलच्या साखळीत घालवण्यापेक्षा गाडीवरच्या फूलवाल्याला, अताबाच्या दुकानदाराला, घरगुती खाणावळीला दिला तर प्रवास स्वस्तच राहतो. वाचलेल्यातले पाच-दहा पौंड घासाघीशीत सोडून दिले, तर आपल्याला तो नऊ ते अठरा रुपयांचा फरक. पलीकडच्या माणसाच्या घरी तेवढ्यात कार्डाच्या पंचवीस ते पन्नास रोट्या येतात.