स्वमग्नता : दडवण्यात जाणारा वेळ

दोन वर्षांचे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, खेळण्यातली मोटार चालवण्याऐवजी तिचे एकच चाक तासन्‌तास फिरवत बसते. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘याचे वडीलही उशिराच बोलले.’ त्यातच धाकट्या काकाचे लग्न ठरायचे असते. पेढीवरच्या लोकांत चर्चा नको, म्हणून तपासणी दिवाळीनंतरवर ढकलली जाते. या दिरंगाईची किंमत मूल मोजते, कारण मेंदूची जडणघडण पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक वेगाने होत असते.

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाची वेगळी घडण आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन केले. पुढे काही काळ आईच्या मायेच्या अभावाला दोष दिला गेला. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, १९६४ मध्ये त्या मताचे खंडन केले. तरीही आपल्याकडे पहिले बोट अजून सुनेकडेच वळते, ही खेदाची गोष्ट होय.

गिरगाव-दादर-लालबागच्या कुटुंबांना मदत दूर शोधावी लागत नाही. परळला १९२९ पासूनचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे. बालविकासतज्ज्ञ डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये सुरू केलेली ‘उम्मीद’ ही संस्थाही मुंबईतलीच. मूळ स्वमग्नतेवर औषध नाही. औषधे दिली जातात ती फिट्स, निद्रानाश किंवा अनावर चिडचिड यांसाठी. खरे काम वाणीतज्ज्ञ व ऑक्युपेशनल थेरपिस्ट करतात, आणि त्याहून अधिक आईवडील. चित्रे दाखवून मागायला शिकवणे, दिवसाचा क्रम ठरावीक ठेवणे, अशी ही साधी, चिकाटीची कामे. देरासरातील घंटेचा नाद किंवा लालबागच्या मिरवणुकीतले ढोल अशा मुलाला असह्य होऊ शकतात. तो कान झाकतो तेव्हा तो हट्ट नसतो; गर्दी नसलेली वेळ निवडावी, हे उत्तम.

भोजनाचा प्रश्न आपल्या घरांत अधिक नाजूक. अनेक मुले मोजकेच पदार्थ खातात. चोविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी मूल जेवलेच नाही, तर रात्री काय करावे? वडीलधाऱ्यांनी मोकळेपणाने सूट दिली तर आईचा निम्मा ताण उतरतो. शाकाहारी आहारात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते, तेव्हा त्याची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी.

पैसा हाती असला की फसवणुकीचा मार्गही रुंद होतो. मूलपेशी उपचाराने मूल ‘बरे’ करण्याच्या जाहिरातींना भुलून लाखो रुपये खर्च होतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस नाही, असे स्पष्ट केले. तीच रक्कम काही वर्षांच्या नियमित थेरपीला पुरली असती.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. त्या आधारे ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाकवच घेता येते. प्रमाणपत्राला कलंक समजून ते टाळणारी घरे हा लाभ गमावतात.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मात्र मोठा प्रश्न उभा राहतो. बँक खाते, भागीदारीतला वाटा, घराचा हिस्सा यांवर सही कोण करणार? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते; तिचा अर्ज आईवडिलांना किंवा नातलगांना करता येतो. पेढीची वाटणी कागदावर येण्यापूर्वीच भावंडांना बसवून हे विचारलेले बरे. आणि त्यांच्यापैकी कोणी नकार दिला, तर तोही वेळेत कळलेला बरा, म्हणजे दुसरी सोय पाहता येते.