कर्ज दुप्पट केव्हा होते? लॉगच्या कोष्टकावरून मुदत काढण्याची रीत

व्याज घेणे आणि देणे दोन्ही हराम आहे, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. तरीही अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठेत व्याजाच्या फासात सापडलेले आपले बांधव आढळतात. हंगामापूर्वी दुकानात माल भरायचा असतो, कारागिराला यंत्र घ्यायचे असते, घरात लग्न निघालेले असते. अशा वेळी कोणी "शेकडा तीन" म्हणत पैसे पुढे करतो. तीन हा आकडा कानाला लहान वाटतो आणि तेथेच घात होतो. दर सगळेच विचारतात. मुद्दल दुप्पट व्हायला किती महिने लागतील, हे फारसे कोणी विचारीत नाही. या प्रश्नाचे उत्तर कसे काढावे, ते येथे देत आहोत.

शेकडा तीन दरमहा म्हणजे वर्षाला ३६ टक्के. दहा हजार रुपये घेतले आणि वर्षभर काहीच फेडले नाही असे समजू. वर्षाअखेर एकदाच व्याज लावले तर देणे १३,६०० रुपये होते. दर महिन्याचे व्याज मुद्दलात मिळवीत गेले तर १४,२५८ रुपये होतात, आणि दररोज मिळविले तर १४,३३१ रुपये. मग दर तासाला, दर क्षणाला मिळविले तर? रक्कम अमर्याद वाढत नाही. ती १४,३३३ रुपयांवर थांबते. याला सतत चक्रवाढ म्हणतात. स्वित्झर्लंडचे गणिती याकोब बर्नोली यांनी १६८३ साली व्याजाच्या अशाच प्रश्नाचा विचार केला होता. त्यातूनच पुढे २.७१८ ही गणितातील प्रसिद्ध संख्या पुढे आली.

दररोजच्या आणि सततच्या चक्रवाढीत फरक अवघा दोन रुपयांचा आहे. म्हणून मुदतीचा अंदाज घेण्यास सतत चक्रवाढीचे सूत्र सोयीचे पडते. मात्र त्यात मुदत ही घातांकाच्या जागी बसलेली असते. ती खाली उतरवायची तर लॉगरिदम, म्हणजे लघुगणक, वापरावा लागतो. ही युक्ती स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांनी १६१४ साली प्रसिद्ध केली. अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आलेला शब्द 'अल्गोरिदम' हा आहे, लॉगरिदम नव्हे. दोन्हींची गल्लत पुष्कळदा होते.

रीत सोपी आहे. शेवटच्या रकमेला मुद्दलाने भागा. आलेल्या संख्येचा लॉग शाळेच्या कोष्टकात किंवा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पाहा. त्याला २.३०२६ ने गुणा आणि दरमहाच्या दराने भागा. शेकडा तीन हा दर ०.०३ असा लिहावा. उत्तर महिन्यांत येते.

समजा, कर्ज ५०,००० रुपये आहे आणि तारण ठेवलेल्या दागिन्यांची किंमत १,२०,००० रुपये आहे. कर्ज दागिन्यांच्या किमतीला केव्हा भिडेल? भागाकार २.४ आला. त्याचा लॉग ०.३८०२. त्याला २.३०२६ ने गुणले की ०.८७५४ येतात. त्यांना ०.०३ ने भागले की २९.२. म्हणजे अडीच वर्षे पूर्ण होण्याआधीच दागिने हातचे गेले.

दुप्पट होण्याची मुदत तर तोंडी काढता येते. ६९.३ ला दराने भागावे. शेकडा तीनने २३ महिने, शेकडा पाचने १४ महिने, शेकडा दहाने फक्त ७ महिने. सरळ व्याजाने शेकडा तीनला ३३ महिने लागले असते. चक्रवाढीने दहा महिने आधीच गाठले. आणखी २३ महिन्यांनी ती रक्कम चौपट होते. सूरह आले-इम्रानच्या १३० व्या आयतीत दुपटी-चौपटीने वाढणाऱ्या व्याजाचा निषेध का केला आहे, हे या आकड्यांवरून ध्यानी येते. व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, असा 'दामदुप्पट'चा नियम जुन्या हिंदू कायद्यातही आहे.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ पासून लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. शासनाने त्या वर्षी ठरविलेले कमाल दर असे: शेतकऱ्यांना तारणावर ९ व विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ व विनातारण १८ टक्के, तेही वर्षाचे. म्हणजे व्यापाऱ्याला जास्तीत जास्त महिना शेकडा दीड. शेकडा तीन किंवा पाच मागणाऱ्या सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

हाच हिशेब उलट दिशेनेही उपयोगी पडतो. घरात पडून राहिलेल्या पैशावर दर चांद्र वर्षी अडीच टक्के जकात निघते. नवी भर पडली नाही, तर सुमारे २७ चांद्र वर्षांत तो निम्मा होईल. अनाथांचा माल व्यापारात लावावा, म्हणजे जकात तो संपवणार नाही, असा हजरत उमर (रजि.) यांचा सल्ला इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त नोंदलेला आहे. ज्यांच्याकडे शिल्लक आहे, त्यांनी ती नफ्या-तोट्याच्या भागीदारीत एखाद्या होतकरू कारागिराच्या धंद्यात घालावी. पैसाही चालता राहील आणि तो बांधव शेकडा तीनच्या दारी जाणार नाही.

आणि उसने, बिनव्याजी घ्यायचे असले तरी कागद करावा व त्यावर मुदत लिहावी. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीचा हुकूमच तसा आहे. जो व्याजाच्या कर्जात आधीच सापडला आहे, त्याने आज रात्री वही काढून दुपटीचा महिना शोधावा आणि त्याच्या आत सुटण्याची वाट पाहावी: आधी नातेवाईक, मग बिनव्याजी कर्ज देणारी संस्था, आणि तरीही भागले नाही तर एखादी वस्तू विकून. दुपटीनंतर विकायला निघालेली वस्तू बहुधा पुरत नाही.