टोचन, धक्का आणि एक पंप

'टॉम'च्या पेपरात एपिसायक्लिक गिअर ट्रेनचा टेबल मी न चुकता सोडवला होता. सन, प्लॅनेट, रिंग... सगळं तोंडपाठ! त्याच सुट्टीत मी एक चालता एपिसायक्लिक गिअरबॉक्स नुसत्या फोनवरून मोडला. त्याची ही हकिगत, आणि सोबत जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट कसं उतरवतात त्याची माहिती. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांच्या खात्यात जमा कराव्यात!)

जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हे माझ्या मामाचं गाव. हिरव्या मिरचीचा बाजार मोठा, त्यामुळे पिकअप आणि ट्रॅक्टर यांची गॅरेजला कमी नाही. त्यात एकच गाडी वेगळी होती. गावातल्या एका निवृत्त गुरुजींची १९९८ची मारुती झेन, आणि तीसुद्धा ऑटोमॅटिक! झेन १९९३ ते २००६ या काळात आपल्याकडे बनत होती. ९९३ सीसी, चार सिलिंडर. तिचं तीन गिअरचं ऑटोमॅटिक मॉडेल आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. गुरुजींचे दोन्ही गुडघे गेलेले, क्लच दाबवत नाही, म्हणून मुलानं ती पुण्याहून शोधून आणली होती.

जूनमधल्या एका सकाळी मामा सामान आणायला जालन्याला गेले होते. गॅरेजचा फोन वाजला तो मी घेतला. गुरुजी रस्त्यात अडकले होते. पाण्याचा होज फुटून इंजिन तापलं, वाफ आली, बंद पडलं. चार जणांनी धक्का मारून पाहिला, पण चालू होईना. मी थाटात सांगितलं, "गुरुजी, न्यूट्रलला टाका आणि ट्रॅक्टरनं टोचन करून आणा."

संध्याकाळी मामांनी गाडी पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, पुढची चाकं उचलली होती का?"

नव्हती.

आता हा प्रश्न का, ते सांगते. साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन कढया तोंडाला तोंड लावून बंद केल्या आणि आत तेल भरलं, असं समजा. एक पंखा इंजिनबरोबर फिरतो, तो तेल दुसऱ्यावर फेकतो, आणि मधला स्टेटर त्या तेलाला दिशा देतो. ही कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरची, १९०५ची, आणि तीही जहाजांसाठी! याच कन्व्हर्टरच्या मागच्या नळीवर गिअरबॉक्सचा तेलाचा पंप फिरतो. म्हणजे इंजिन फिरलं तरच पंप, आणि पंप फिरला तरच तेलाचा दाब.

यातून दोन गोष्टी निघतात. दाब नाही म्हणजे आतले क्लच पकडत नाहीत, मग धक्का मारून चाकांची फिरकी इंजिनपर्यंत पोहोचणारच कशी? आणि झेनची पुढची चाकं गिअरबॉक्सला जोडलेली. ती जमिनीवर ठेवून ओढलं की आतले प्लॅनेट गिअर गरागरा फिरतात, पण पंप थांबलेला, तेल कुठूनच नाही. ते पेपरात विचारत नाहीत!

मामांनी गिअरचं तेल काढलं. काळं, करपलेल्या वासाचं, त्यात चमचमणारा चुरा. "तेल आधीच कमी होतं," ते म्हणाले, बहुधा माझं तोंड बघून. इंजिनाचं हेड गॅसकेट उडालेलं, तेलात पाणी, बेअरिंगचा आवाज. दोन्ही उतरवायचं ठरलं.

बॅटरी सोडली, बिजागरीभोवती खडूनं खूण करून बॉनेट काढलं. पाणी आणि तेलं काढली, रेडिएटर बाहेर. ऑटोमॅटिकमध्ये गिअरचं तेल थंड करायचे दोन पाइप असतात, त्यांची तोंडं चिंधीनं बंद केली. प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नंबर. (हे काम माझं, अक्षर चांगलं म्हणून!) एसीचा कॉम्प्रेसर पाइप न उघडता बाजूला बांधला, नाहीतर गॅस जातो. मग सायलेन्सरचा पाइप, केबली, दोन्ही बाजूंचे एक्सल. शेवटी चेनपुलीवर वजन घेऊन माउंटिंग सोडले आणि गिअरबॉक्सची बाजू खाली झुकवून सगळं एकत्र वर काढलं. यात नवल काही नाही, वेळ फक्त गंजलेल्या बोल्टांनी खाल्ला.

खरं नाजूक काम जमिनीवर होतं. कन्व्हर्टर इंजिनाच्या प्लेटला बोल्टांनी धरलेला असतो. खालच्या छोट्या खिडकीतून एका वेळी एकच बोल्ट दिसतो. तो सोडायचा, पान्यानं क्रँक फिरवायचा, पुढचा सोडायचा. हे विसरून दोन्ही ओढून वेगळे केले, तर कन्व्हर्टर इंजिनाकडे राहतो आणि पंपाचं सील फाटतं. वेगळं झाल्यावर तोंडावर पट्टी बांधायची, नाहीतर कन्व्हर्टर घसरतो आणि तेल पायावर. माझ्या पायावर.

गिअरबॉक्स दुरुस्त होण्यापलीकडे गेला होता. साधा गिअरबॉक्स स्वस्तात मिळत होता, पण क्लच आला म्हणजे गुरुजींची गाडी अंगणात उभी! मी जाऊन त्यांना खरं काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत. पावतीच्या मागे पंपाची आकृती काढायला लावली, दोनदा. पुढे छत्रपती संभाजीनगरच्या भंगारात एका मोडलेल्या झेनचा ऑटोमॅटिक सापडला, आणि माझ्या सुट्टीचा सगळा पगार त्यात गेला.

जोडताना कन्व्हर्टर दाबत दाबत फिरवावा लागतो, तो टप्प्याटप्प्यानं आत बसतो. मला वाटलं बसला. मामांनी तोंडावर आडवी पट्टी धरून खोली मोजली. "अजून एक टप्पा बाकी आहे." तसेच बोल्ट आवळले असते तर पंप चुरडला असता. पुन्हा फिरवला, आणि 'टक्' असा आवाज आला.

परत येताना गुरुजींची गाडी दिसली. मागच्या काचेवर पांढऱ्या रंगात, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं: 'धक्का मारू नये. टोचन पुढची चाके उचलूनच.'