कोनावरचा लेप

गणपती महिन्यावर आले की भाईंदर आणि मीरा रोडच्या दुरुस्तीच्या गाळ्यांत स्पीकर येऊ लागतात. कुणाचा मंडळाचा बारा इंची, कुणाच्या वडिलांनी हौसेने घेतलेल्या जुन्या डेकचा. पाऊस ऐन भरात असतो. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरे. असल्या हवेत स्पीकरचा कागदी कोन, म्हणजे आवाज काढणारा शंकू, ओल धरतो, जरा जड होतो, जरा लेचापेचा होतो. कडेला फोमची पट्टी असेल तर काही वर्षांत बोट लावताच तिचा भुगा पडतो, कारण पॉलियुरेथेन फोमला उष्ण दमट हवा आतून खात जाते. मग कुणीतरी विचारतो, ‘यावर काही मारता येईल का?’

मारण्यासारखे पुष्कळ आहे. पाणी घातलेला फेव्हिकॉल, स्पिरिटमधली लाख, वॉर्निश, रबरी सोल्युशन, अगदी नेलपॉलिशसुद्धा. हौशी मंडळी जगभर हे करत आली आहेत. ऑस्ट्रियातले व्हायोलिन कारागीर डीटर एन्नेमोझर यांनी सी-३७ नावाचे खास लाखरोगण स्पीकरच्या कोनांसाठी बाजारात आणले. अमेरिकेत बड पर्वाइन यांनी कोनावर रंगाच्या बारीक ठिपक्यांची वर्तुळे काढण्याची पद्धत काढली. दोघांचेही चाहते शपथेवर सांगतात की आवाज उघडला. शंका घेणारेही तितकेच ठाम आहेत.

मात्र लेपाची कल्पना खुळचट अजिबात नाही, आणि ती समजून घ्यायची तर कोन काय करतो ते पाहावे लागते. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघा अभियंत्यांनी १९२५ साली आजच्या स्पीकरचा पाया घातला: चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे (कॉइल), वेटोळ्याला चिकटलेला कागदी शंकू (कोन). कॉइल पुढे-मागे होते, कोन तिच्याबरोबर हवा ढकलतो. शंभर वर्षे झाली, मांडणी तीच आहे. कागदही टिकून आहे, कारण तो हलका, बऱ्यापैकी ताठ आणि स्वतःचा कंप स्वतःच थोडा जिरवणारा आहे.

खालच्या सुरांत कोन एकसंध हलतो. सूर चढत गेला की तसे राहत नाही. कॉइलकडून निघालेली लाट कोनाच्या अंगातून कडेकडे जाते, कडेवर आपटून परतते आणि जाणाऱ्या लाटेला भेटते. काही कंपनसंख्यांवर कोनाचा एक भाग पुढे जात असताना शेजारचा मागे जातो. गायिकेचा आवाज मधेच कर्कश होतो, ‘स’ कानाला टोचतो, तो बहुधा इथे. अनुभवी कारागीर कोनावर नखाने टिचकी मारून पाहतो. ‘टण्ण’ असा लांबणारा नाद आला तर कोन स्वतःच बोलतोय. ‘ठप्’ असा बसका आला तर तो ऊर्जा जिरवतोय. लेपाचे खरे काम एवढेच, ते ‘टण्ण’ लवकर विझवणे.

हे काम सर्वांत गांभीर्याने केले ते बीबीसीच्या संशोधन विभागाने. प्रसारणाच्या स्टुडिओंना एकमेकांशी तंतोतंत जुळणारे स्पीकर हवे होते, आणि कागदाचा लगदा प्रत्येक घाण्यात थोडा वेगळा उतरायचा. म्हणून १९६०च्या दशकात तिथे बेक्स्ट्रीन नावाच्या प्लास्टिकचे कोन आले. एकसारखे उतरायचे, पण नाद करायचे. उपाय म्हणून त्यांवर पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा, सुकल्यावरही मऊ राहणारा लेप देण्यात आला. या विभागातले स्पेन्सर ह्यूज यांनी पुढे स्पेंडर कंपनी काढली. नावात त्यांच्या पत्नी डोरोथी यांचाही वाटा आहे. बीबीसीतलेच डडली हारवुड यांनी १९७७ साली हारबेथ सुरू केली आणि पॉलिप्रोपिलीनचा कोन आणला, जो मुळातच इतका कंप जिरवतो की लेपाची गरजच उरू नये.

पॉलिव्हिनाइल ॲसिटेट म्हणजे आपल्या ओळखीचे रसायन. फेव्हिकॉलचा पांढरा डिंक याच कुळातला, १९५९पासून सुतारांच्या हाती असलेला. म्हणून हौशी माणसाला वाटते, बीबीसीचे गुपित कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. फरक सुकल्यावर कळतो. बीबीसीचा लेप रबरासारखा लवचीक राही, कारण त्यात मऊपणा टिकवणारे द्रव्य होते. सुतारकामाचा डिंक लाकूड घट्ट धरण्यासाठी असतो. तो कोनावर सुकून कडक होतो. कंप फारसा जिरत नाही, ताठपणा आणि वजन मात्र वाढते. लाखेचेही तेच, फक्त तिचा एक गुण भाईंदरच्या हवेत खरोखर कामाचा आहे: ती कागदाला फारशी ओल धरू देत नाही.

कंप पावणाऱ्या पृष्ठावर लेप देऊन आवाज घडवण्याची कला आपल्याकडे लाउडस्पीकरच्या कितीतरी आधीपासून आहे. तबल्याची शाई. लोहचूर्ण, काजळी आणि खळ यांचा लगदा पातळ थरांत चढवायचा, प्रत्येक थर दगडाने घोटायचा. घोटता घोटता शाईत बारीक भेगांचे जाळे पडते आणि जड असूनही ती पुडीबरोबर, म्हणजे तबल्याच्या चामड्याबरोबर, वाकू शकते. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये याचे विज्ञान मांडले. साध्या चामड्याचे उपस्वर विस्कळीत असतात. शाईच्या वजनाने ते मूळ स्वराच्या पूर्ण पटींत येऊन बसतात. पुढच्या दशकात रामन यांनी दाखवले की पुडीच्या पहिल्या नऊ कंपनरीती मिळून पाचच सुसंवादी स्वर देतात. तबल्याला स्वतःचा स्वर हवा असतो, स्पीकरला स्वतःचा स्वर असणे हाच दोष. पण दोन्हीकडे प्रश्न तोच: किती, कुठे आणि किती जाड.

गाळ्यातला कारागीर लेपाच्या आधी बरेच काही करतो, आणि त्याची खरी करामत तिथे आहे. जुना डिंक थिनरने सोडवून कोन काढायचा. बास्केटची, म्हणजे स्पीकरच्या सांगाड्याची, कड खरवडून लख्ख करायची. चुंबकाच्या फटीत शिरलेले लोखंडाचे कण चिकटपट्टीने ओढून काढायचे, कारण एक कण राहिला तरी कॉइल घासते. मग नवी कॉइल फटीत उतरवून तिच्या आतून एक्स-रेच्या जुन्या फिल्मच्या पट्ट्या सारायच्या, म्हणजे ती बरोबर मध्यावर उभी राहते. कॉइलला मध्यावर धरणारा लवचीक स्पायडर चिकटवायचा, कोन बसवायचा, वाळू द्यायचे. पट्ट्या काढल्यावर दोन्ही अंगठ्यांनी कोन सारखा दाबून कान लावायचा. बारीकशी खरखर आली तर सगळे पुन्हा. कोनाच्या मधली टोपी, म्हणजे डस्ट कॅप, सर्वांत शेवटी. या साऱ्या कामात घाईला कुठेच जागा नाही, आणि ते पाहिल्यावर वरून ब्रश फिरवून चमत्कार घडवणाऱ्या सल्ल्यांची चीड येते.

कारण लेपाला वजन असते. समजा, साडेसहा इंची स्पीकरचा हलणारा भाग १२ ग्रॅमचा आहे आणि लेपाने २ ग्रॅम भर घातली. आवाज सुमारे १.३ डेसिबलने उतरतो आणि तेवढाच मोठा आवाज पुन्हा मिळवायला सुमारे ३६ टक्के जास्त वीज लागते. ती वीज शेवटी कॉइल तापवते. घरात हळू आवाजात नाट्यगीते ऐकणाऱ्याला हे परवडेल. तासन्‌तास ताणून वाजणाऱ्या मंडळाच्या स्पीकरवर लेप मारणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या जळक्या कॉइलची सोय.

दुसरी अडचण कानांची. आवाज किंचित उतरला आणि वरचे सूर थोडे दबले की तो पहिल्यांदा ‘गोड’ वाटतो. सारंगीची धार आणि झांजेची चमकही त्याबरोबर गेलेली असते, हे कळायला वेळ लागतो. आधीचा आवाज पुन्हा ऐकायची सोय नसते, कारण कागदात मुरलेला लेप निघत नाही. म्हणून जोडीतल्या एकाच स्पीकरला लेप द्यावा, दोघांना तोच मोनो आवाज द्यावा, पातळी सारखी करून कोणता वाजतोय ते दुसऱ्याच्या हाती ठेवावे. फोनवरचे मोजणीचे ॲपही दोन स्पीकरमधला फरक दाखवण्यापुरते उपयोगी पडते. एवढे कष्ट फार थोडे घेतात.

लेप कडेच्या पट्टीवर ओघळला तर पट्टी कडक होऊन ढोलकीचा खर्ज आखडतो. थिनरचा लेप डस्ट कॅपचा डिंक सोडवतो. आणि आज घरोघरी असलेल्या कित्येक स्पीकरांचे कोन पॉलिप्रोपिलीनचे आहेत. त्या गुळगुळीत प्लास्टिकला सहसा काही नीट चिकटत नाही, लेप सालपटासारखा सुटून येतो आणि सुटेपर्यंत फडफडतो.

सर्वांत अवघड असतात जुन्या कंपन्यांचे स्पीकर, ज्यांचे मूळ कोन आता मिळत नाहीत. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, तयार कोन मिळतात. व्यास जुळतो, पण खोली, जाडी आणि वजन जुळेलच असे नाही. अशा वेळी नव्या कोनाची टिचकी जुन्यापेक्षा लांबली तर कारागिराला लेपाचा विचार करावाच लागतो. तो आधी निकामी कोनावर थर देऊन वाळवून पाहतो, मग खऱ्या कोनाला मागच्या बाजूने, एकच पातळ हात, कडेपासून दूर. जोडीतला दुसरा स्पीकर धडधाकट असला तरी बऱ्याचदा त्याचाही कोन बदलावा लागतो, नाहीतर डावा-उजवा आवाज जुळत नाही. खर्च दुप्पट होतो आणि ग्राहक तिथेच विचार बदलतो.