सालीआडचा साका

हापूस कापल्याशिवाय आतला साका कळत नाही, हे कोकणातल्या बागायतदाराला कुणी सांगायला नको. वरून फळ केशरी, वास घमघमीत. सुरी फिरली की गरात पांढुरका, आंबट, भुसभुशीत भाग. तोवर पेटी मुंबईत गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेली असते.

सालीवरचे दोष फळे निवडणाऱ्या यंत्राला सोपे. चिकाचे डाग असोत की करपा, फळ फिरवत कॅमेऱ्याखालून नेले की हजारो फोटोंवर शिकलेली प्रणाली ते टिपते. परदेशी सफरचंदांच्या पॅकहाऊसमध्ये हे आता रुळले आहे. साक्यापुढे मात्र साधा फोटो कुचकामी. म्हणून क्ष-किरण वापरून पाहिले जातात, कारण साक्याच्या गरात हवेच्या पोकळ्या असतात. पण मध्ये जाडजूड कोय आडवी येते. दुसरा मार्ग अवरक्त प्रकाशाचा. तो साल ओलांडून थोडा आत शिरतो, गरातले पाणी आणि साखर त्यातला काही भाग शोषतात आणि परत आलेल्या प्रकाशावरून यंत्र आतला अंदाज बांधते.

हा अंदाज शिकवायचा तर ज्या फळाचा प्रकाश नोंदवला, तेच फळ पिकल्यावर कापून पाहावे लागते. तेही एकाच बागेतले पुरत नाही. देवगडच्या कातळावरचे आणि रायगडातले फळ दोन्ही हवे, एकापेक्षा जास्त हंगामांतले हवे. हे खर्चिक काम जाहिरातीत दिसत नाही. तिथे दिसते ‘९० टक्के अचूक’. समजा शंभरांत दहा आंब्यांना साका आहे. डोळे मिटून सगळे चांगले म्हणणारे यंत्रही ९० टक्के अचूकच ठरते! विचारायचे ते हे की त्या दहांपैकी किती पकडले आणि त्यासाठी चांगले किती बाद केले.



बाद फळ वाया जात नाही, कॅनिंगला जाते. तिथे ते कापलेच जाणार असते. फक्त भाव पडतो. त्यामुळे किती संशयावर फळ बाद करायचे, ही रेषा हंगामभर एकच ठेवून चालणार नाही. मार्चमध्ये पेटी महाग असते, तेव्हा चांगले फळ चुकून कॅनिंगला गेले तर मोठा फटका. मे महिन्यात पेटीच्या आणि कॅनिंगच्या भावांतले अंतर घटले, की जरा शंका येताच आंबा बाजूला काढलेला परवडतो.