सोळाव्या वर्षी मिळणारा नवा चेहरा

सोळावा वाढदिवस आला की त्या शहरातल्या मुलामुलींना इस्पितळात नेतात. तिथे त्यांची हाडे घासून योग्य मापाची केली जातात, जुनी त्वचा काढून नवी, नितळ त्वचा चढवली जाते, डोळे मोठे होतात, ओठ भरतात. पदरचा पैसाही खर्च होत नाही. मग नदीपलीकडच्या झगमगत्या वस्तीत राहायला जायचे. तिथे रोज मेजवान्या, रोज आतषबाजी! तोवर, म्हणजे बारा ते सोळा या वयात, मुलांना अलीकडच्या वसतिगृहात राहावे लागते आणि सगळे त्यांना उघडपणे 'कुरूप'च म्हणतात.

अमेरिकी लेखक स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्या 'अग्लीज' या २००५ मधील कादंबरीतले हे शहर. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली ही विज्ञानकथा पुढे 'प्रिटीज', 'स्पेशल्स' आणि 'एक्स्ट्राज' अशी वाढत गेली. वरून सुखी दिसणारा आणि आतून माणसाला गुदमरवणारा समाज इंग्रजी कादंबऱ्यांना नवा नाही. पण इथे ना तुरुंग दिसतात, ना चाबूक. मुले स्वतःच दिवस मोजत त्या टेबलाची वाट पाहत असतात.

आणि का पाहू नये? लेखकाने या व्यवस्थेची बाजू कच्ची ठेवलेली नाही. पूर्वी माणसे कातडीच्या रंगावरून एकमेकांचे जीव घेत. उंच माणसाला नोकरी चटकन मिळे, देखण्या उमेदवाराला मते जास्त पडत. आता सगळेच देखणे, तेव्हा भेदभावाचे मूळच उपटले, असा हा युक्तिवाद. तो वाचून आपणही क्षणभर विचारात पडतो. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ही म्हण ज्या भाषेत रुळली, त्या भाषेच्या वाचकाला यातले दुःख समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये आली; तिच्या नावातला 'फेअर' जायला २०२० साल उजाडले.

गोष्टीची नायिका टॅली यंगब्लड सोळा पुरी व्हायची वाट पाहते आहे. तिचा जिवलग मित्र पेरिस तिच्याआधी 'सुंदर' होऊन पलीकडे गेला. दोघांनी तळहातावर कापून घेऊन जन्मभराच्या मैत्रीची शपथ घेतली होती. एका रात्री ती चोरून नदी ओलांडून त्याला भेटते, तर त्याच्या हातावरचा व्रण नाहीसा झालेला! शस्त्रक्रियेत असले डाग काढूनच टाकतात. पुढचा सगळा अनर्थ या एवढ्याशा जागी दिसतो.

टोपणनावांची शाळा

मला या पुस्तकात सर्वांत खरी वाटली ती मुलांची टोपणनावे. पेरिस म्हणजे 'नाक्या', टॅली म्हणजे 'बारीक डोळ्यांची', तिची नवी मैत्रीण शे म्हणजे 'काटकुळी'. ही नावे मुलेच एकमेकांना देतात, लाडाने हाका मारतात, आणि हाक मारता मारता ज्याचे त्याला आपले व्यंग पाठ होते. आपल्या घरांतून 'काळी', 'ढब्बू', 'नकटी' अशा हाका काय कमी प्रेमाने मारल्या जातात? वसतिगृहात आणखी एक खेळ चालतो. भिंतीवरच्या पडद्यावर आपला फोटो घ्यायचा, चेहऱ्याची एक बाजू उलटवून दोन्हीकडे सारखीच लावायची आणि सोळाव्या वर्षानंतरचे आपले रूप आधीच पाहायचे. शेला हा खेळ नकोसा वाटतो. आपण कुरूप आहोत हे आपल्याला शिकवले गेले आहे, असे तिचे म्हणणे. टॅलीला ते पटत नाही. २००५ मध्ये ही कल्पना होती. आज फोनमधल्या फिल्टरवर हाच खेळ चालतो.

शे शस्त्रक्रियेआधीच रानातल्या 'स्मोक' नावाच्या वस्तीत पळून जाते. तिचा माग काढून दिलास तरच तुला सुंदर करू, नाहीतर जन्मभर अशीच राहशील, अशी धमकी डॉ. केबल ही अधिकारी बाई टॅलीला देते. टॅली मैत्रिणीच्या मागावर निघते ते हेर म्हणून. पुढचे सगळे सांगून वाचणाऱ्यांची मजा घालवत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. रानात तिला कळते की शस्त्रक्रियेत चेहऱ्याबरोबर मेंदूलाही सूक्ष्म इजा केली जाते. त्यामुळे माणसे समाधानी, गोड आणि बिनतक्रार होतात. डॉक्टर, आग विझवणारे अशा ज्यांना प्रसंगी डोके चालवावे लागते, त्यांच्या मेंदूतली इजा मात्र नाहीशी झालेली असते.

त्याच वस्तीत एक म्हातारा जुनी मासिके जपून ठेवतो. त्यांत आपल्या काळातल्या माणसांचे फोटो असतात. नाना तऱ्हेची नाके, सुरकुत्या, टकले. टॅली आधी दचकते, मग पानामागून पान उलटत राहते.

ही कल्पना तशी अगदी नवी नाही. एल. पी. हार्टली यांच्या १९६०च्या 'फेशियल जस्टिस' कादंबरीत सरकार मत्सर नको म्हणून देखण्या स्त्रियांनाच साधारण चेहरा घ्यायला लावते. टेड चियांग यांच्या २००२च्या एका कथेत रूप दिसते पण त्याची भुरळ पडत नाही, असा मेंदूवरचा उपाय आहे. त्या कथेवरच्या पत्रव्यवहाराचे ऋण वेस्टरफेल्ड यांनी मान्य केले आहे. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर 'अग्लीज'चा चित्रपट आला. जोई किंग त्यात टॅली झाली आणि तिथेच घोडे अडले. पडद्यावरची ही 'कुरूप' मुलगी कुणालाही चांगली देखणीच वाटेल. पुस्तकात चेहरा आपला आपण रंगवायचा असतो, म्हणून तिथे हा डाव साधतो.

२००७च्या 'एक्स्ट्राज'मध्ये तर शहरातल्या प्रत्येकाला प्रसिद्धीनुसार क्रमांक असतो आणि पंधरा वर्षांची आया तो वर चढवण्यासाठी धडपडते. इन्स्टाग्राम अजून तीन वर्षे दूर होते.

पालकांना एक सूचना. दुसऱ्या भागात मेंदूवरची धुंदी उतरावी म्हणून काही मुले स्वतःला कापून घेतात. लेखक त्याचे कौतुक करत नाही, तरी नाजूक मनाच्या मुलाच्या हाती पुस्तक देण्याआधी आपण वाचलेले बरे. इंग्रजी सोपे आहे, दोन-तीन दिवसांत एक भाग होतो. आणि वाचून झाल्यावर मुलीने विचारले, "आई, तूही मला लहानपणी काळीच म्हणायचीस ना?", तर उत्तराची तयारी असावी.